‘पक्के घर’ म्हणजे काय? सातारा-सांगलीतील निवाऱ्यांचा इतिहास

१/
सोमवार, ११ डिसेंबर १९६७. पहाटेचे ४ वाजून २१ मिनिटे. सातारा जिल्ह्यातील पाटण तालुक्यात, कोयना धरणाच्या परिसरात जमीन हादरली. भूकंपाची तीव्रता ६.३ इतकी नोंदवली गेली. सुमारे १८० माणसे दगावली, दोन हजारांहून अधिक जखमी झाली आणि कोयनानगरातील बहुसंख्य घरे राहण्याजोगी उरली नाहीत. कोयनेची वीज खंडित झाल्याने मुंबईतील कारखाने ठप्प झाले. ती डिसेंबरातील थंडीची पहाट होती. माणसे दारे-खिडक्या लावून आपापल्या घरांत झोपलेली होती. जमिनीच्या हादऱ्याने माणूस सहसा मरत नाही. तो मरतो अंगावर कोसळणाऱ्या भिंतीने आणि छपराने. ज्या निवाऱ्यावर कुटुंबाने विश्वास टाकला होता, त्याच निवाऱ्याने त्या पहाटे घात केला.

२/
कुटुंबाने निवारा कसा निवडावा, हा प्रश्न स्थापत्यशास्त्राचा वाटतो. पण त्याचे उत्तर प्रत्येक पिढीने आपापल्या भयानुसार दिले आहे. सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत गेल्या दोनशे वर्षांत हे भय अनेकदा बदलले. कधी ते घोड्यावरून आले, कधी उंदरांसोबत, कधी जमिनीखालून, तर कधी नदीतून. प्रत्येक वेळी घराने नव्या संकटाशी जुळवून घेण्याचा प्रयत्न केला आणि बहुतेक वेळा ते मागच्या संकटाच्या तयारीतच उभे राहिलेले आढळले. या थ्रेडचा विषय तोच आहे.

३/
प्रथम थोडे दूर जाऊ. अमेरिकेच्या मध्यभागातील सपाट प्रदेशात टॉर्नेडो, म्हणजे जमिनीला टेकलेला वाऱ्याचा प्रचंड भोवरा, हे नित्याचे संकट आहे. तेथील शेतकरी कुटुंबे पूर्वी अंगणात तळघर खोदत आणि वादळ दिसताच त्यात उतरत. ११ मे १९७० रोजी टेक्सासमधील लबक शहराला टॉर्नेडोने झोडपले. त्यानंतर तेथील टेक्सास टेक विद्यापीठात वाऱ्याच्या माऱ्याचा पद्धतशीर अभ्यास सुरू झाला. घराच्या आतच एक लहान, भक्कम खोली बांधावी ही कल्पना त्या अभ्यासातून पुढे आली. १९९८ मध्ये अमेरिकेच्या आपत्ती व्यवस्थापन संस्थेने, म्हणजे ‘फेमा’ने, अशा खोल्यांच्या आराखड्यांची मार्गदर्शिका सामान्य कुटुंबांसाठी प्रसिद्ध केली.

४/
तेथील कुटुंबाला निवारा निवडताना चार प्रश्नांची उत्तरे द्यावी लागतात. इशाऱ्यानंतर हाताशी किती वेळ उरतो? मारा कोणत्या दिशेने होतो? घरातील सर्वांत सावकाश चालणारे माणूस त्या वेळेत निवाऱ्यापर्यंत पोहोचेल का? आणि संकट नसते त्या दिवसांत ती जागा कशाची? टॉर्नेडोच्या बाबतीत पहिल्या प्रश्नाचे उत्तर साधारण दहा-पंधरा मिनिटे असे आहे. तेवढ्यात अंगणातील तळघर गाठता येते. पण घरात अंथरुणाला खिळलेली आजी असेल तर आतली खोली बरी. हे चार प्रश्न सातारा-सांगलीच्या घरांना विचारले, तर इतिहास फार स्पष्ट बोलू लागतो.

५/
अठराव्या शतकाच्या अखेरीस आणि एकोणिसाव्याच्या आरंभी दक्षिणेतील गावकऱ्याचे मोठे भय माणसांचे होते. १८०२-०३ मध्ये फौजांची लूट झाली आणि पाठोपाठ दुष्काळ आला. १८१७-१८ पर्यंत पेंढाऱ्यांच्या धाडींची धास्ती होती. या भयाचे उत्तर म्हणजे गावकूस, गढी आणि वाडा. भिंती जाड, बाहेरच्या बाजूला खिडक्या थोड्या व उंचावर, एकच भक्कम दरवाजा, आत चौक, भिंतीत धान्याचे बळद, आणि ऐपत असेल तर तळघर. धाडीची खबर तासाभरापूर्वी मिळे, मारा बाजूने होई, आणि उरलेल्या दिवसांत तेच तळघर व तेच बळद साठवणीच्या कामी येई. चारही प्रश्नांना चोख उत्तर देणारे हे घर होते. त्यामुळे जाड भिंत म्हणजे सुरक्षितता, हे समीकरण मनात खोल रुजले. पेंढारी गेले, समीकरण राहिले.

६/
घर घडवणारी दुसरी शक्ती म्हणजे पाऊस. सातारा जिल्ह्याच्या पश्चिमेस कोयनेच्या खोऱ्यात वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो. पूर्वेकडील माण, तसेच सांगलीतील आटपाडी, जत या तालुक्यांत तो पाचशेच्या घरात असतो. पश्चिमेला उतरते छप्पर अपरिहार्य: पूर्वी गवताचे, पुढे कौलांचे. गरिबाच्या घराला कुडाच्या भिंती, म्हणजे कारवीच्या काठ्या विणून त्यावर शेणमातीचा लेप. पूर्वेला मात्र माळवद: लाकडी तुळयांवर फळ्या किंवा काटक्या आणि त्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर. उन्हाळ्यात असे घर गारवा देते आणि धान्य वाळवायला छतावर जागा मिळते. दोन्हीकडे ज्याची स्थिती सुधारली, त्याने प्रथम भिंत दगडाची केली. दगड आवारातच मिळे, श्रम घरचे असत, आणि दगडी घर ही प्रतिष्ठा होती.

७/
१८९६ मध्ये मुंबईत आणि १८९७ पासून दख्खनभर प्लेग पसरला. सातारा जिल्ह्यालाही त्याची मोठी झळ बसली. या संकटाने घराच्या कल्पनेला प्रथमच उलटे केले. जाड भिंतींचे, अंधारे, धान्याने भरलेले घर हेच उंदरांचे आणि पिसवांचे आश्रयस्थान होते. उंदीर मरून पडू लागले की गाव सोडायचे, हा अनुभवाने शिकवलेला नियम झाला. कुटुंबे रानात झोपड्या घालून महिनोन्महिने राहत. येथे इशारा काही दिवसांचा होता, मारा घराच्या आतूनच होत होता, आणि निवारा म्हणजे गवताची उघडी खोप. ज्याला पक्के घर म्हटले जाई त्याहून ती झोपडी अधिक सुरक्षित ठरली. साथ ओसरली आणि माणसे दगडी भिंतींच्या आत परतली. ते स्वाभाविकच होते. रोजच्या पावसापासून आणि चोरापासून झोपडी वाचवत नाही.

८/
आता कोयना. स्वातंत्र्यानंतर महाराष्ट्राच्या औद्योगिकीकरणाचा कणा ठरलेला हा प्रकल्प. हेळवाकजवळ १०३ मीटर उंचीचे धरण उभे राहिले, त्यामागे शिवाजीसागर जलाशय भरू लागला आणि १९६२ पासून सह्याद्रीपलीकडे पोफळीच्या भूमिगत केंद्रात वीज तयार होऊ लागली. दख्खनचे पठार प्राचीन, स्थिर आणि भूकंपमुक्त आहे, अशी त्या काळी भूशास्त्रीय धारणा होती. भारतीय मानक संस्थेने १९६२ मध्ये भूकंपविषयक पहिली संहिता व विभागनकाशा प्रसिद्ध केला. त्यात या प्रदेशाला सर्वांत खालच्या प्रतीचे स्थान होते. धरणाच्या आराखड्यात भूकंपासाठी गुरुत्वाच्या केवळ ५ टक्क्यांइतका आडवा भार गृहीत धरला होता. ज्या प्रदेशात धरणासाठी एवढेच गृहीत होते, तेथे साध्या घरासाठी कोणी काही गृहीत धरण्याचा प्रश्नच नव्हता.

९/
जमिनीने मात्र सूचना दिल्या होत्या. जलाशय भरू लागल्यापासून परिसरात लहान धक्के आणि ढगांच्या गडगडाटासारखे आवाज जाणवू लागले. त्यांची नोंद घेण्यासाठी भूकंपमापक यंत्रे बसवण्यात आली. १३ सप्टेंबर १९६७ रोजी पाचाहून अधिक तीव्रतेचा धक्का बसला. तीन महिन्यांनी मुख्य भूकंप झाला. जलाशयामुळे चालना मिळालेल्या भूकंपांच्या जागतिक अभ्यासात कोयना हे आजही सर्वांत ठळक उदाहरण मानले जाते. हर्ष गुप्ता यांच्यासारख्या भूशास्त्रज्ञांनी या एका प्रदेशाच्या अभ्यासाला अनेक दशके दिली. परंतु १९६७ च्या पावसाळ्यात कोयनेच्या कुटुंबाच्या हाती या ज्ञानातून येणारे काहीही नव्हते. गडगडाट ऐकू येत होता, पण त्यावरून काय करावे हे सांगणारी परंपरा नव्हती. पेंढाऱ्यांविषयी आजोबांनी सांगितले होते, प्लेगविषयी आजीने. भूकंपाविषयी सांगणारे घरात कोणी नव्हते.

१०/
धरणाच्या आतील यंत्राने त्या पहाटे नोंदवलेले आकडे अभियंत्यांना थक्क करणारे होते. धरणाच्या अक्षाच्या दिशेने गुरुत्वाच्या ६३ टक्क्यांपर्यंत आडवे त्वरण, म्हणजे आराखड्यातील गृहीताच्या बारापटीहून अधिक. धरणाला वरच्या भागात भेगा पडल्या, पण ते उभे राहिले. पुढे त्याला आधारस्तंभ जोडून बळकटी देण्यात आली. घरांचे तसे झाले नाही. दगडी भिंतीची रचना पाहिली तर कारण कळते. दोन्ही अंगांना मोठे दगड, मध्ये भरीला लहान दगड आणि माती. आरपार जाणारे लांब दगड नसले, तर ती एक भिंत नसते. एकमेकींना खेटून उभ्या असलेल्या दोन पातळ भिंती असतात. हादरा बसताच मधली भर खाली बसते आणि दोन्ही अंगे फुगून बाहेर कोसळतात. दीड फूट जाड व तीन मीटर उंच अशा भिंतीच्या केवळ एका मीटर लांबीचे वजन तीन टनांच्या आसपास भरते.

११/
भूकंपात वस्तूवर येणारा आडवा जोर तिच्या वजनाच्या प्रमाणात वाढतो. दरोडेखोराविरुद्ध जे वजन बाजूने होते, तेच भूकंपात विरुद्ध गेले. भूकंपानंतर भूशास्त्रज्ञांनी आणि अभियंत्यांनी परिसराची पाहणी केली. युनेस्कोचे तज्ज्ञही आले. निरीक्षण असे की मातीत वा कमजोर चुन्यात रचलेली ओबडधोबड दगडांची बांधकामे सर्वाधिक ढासळली, तर लाकडी सांगाड्याची हलकी घरे तुलनेने तरली. कुडाची भिंत वजनाने दगडी भिंतीच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी. ती वाकते, तिचा लेप गळतो, पण ती माणसाला चिरडत नाही. समाजाने ज्याला कच्चे घर ठरवले होते, ते त्या अर्ध्या मिनिटापुरते अधिक पक्के निघाले.

१२/
टॉर्नेडोचे चार प्रश्न येथे विचारून पाहावेत. हाताशी वेळ किती? शून्य. म्हणून अंगणातील तळघर किंवा घरातील राखीव खोली येथे निरुपयोगी. माणूस जेथे झोपला असेल तीच जागा निवारा असायला हवी. म्हणजे संपूर्ण घरच निवारा. मारा कोठून? पायाखालून, आडवा. म्हणून भिंती एकमेकींना बांधलेल्या हव्यात. योगायोग असा की घरांच्या भूकंपरोधक बांधणीची भारतीय संहिता, आय.एस. ४३२६, याच वर्षी, म्हणजे १९६७ मध्ये निघाली. तिचा गाभा सोपा आहे. जोत्यावर, दारे-खिडक्यांच्या माथ्यावर आणि छताखाली घराभोवती सलग पट्टा फिरवावा; कोपऱ्यांत उभ्या सळया द्याव्यात; दारे-खिडक्या कोपऱ्यापासून दूर ठेवाव्यात; छप्पर हलके आणि भिंतीला जखडलेले असावे. पिंपाला जशा लोखंडी कड्या, तसे घराला हे पट्टे.

१३/
तरीही दगडी घरे बांधली जातच राहिली. याला अज्ञान म्हणणे सोपे आहे, पण अन्यायाचे आहे. चौथा प्रश्न आठवावा: उरलेल्या दिवसांत ती जागा कशाची? कुटुंबाला रोज ऊन, पाऊस, साप, चोर यांच्याशी सामना करायचा असतो. मोठा भूकंप पिढीत एकदा आला तर येतो. पत्र्याचे छप्पर भूकंपाला उत्तम, पण वैशाखात त्याखाली बसवत नाही. आणि वळवाच्या वादळात पत्रे उडतात. म्हणून माणसे त्यावर दगड ठेवतात, आणि भूकंपात तेच दगड खाली येतात. हलके छप्पर पुरेसे नाही, ते नीट जखडलेही पाहिजे. त्यासाठी खिळे-बोल्ट आणि जाणकार गवंडी लागतो. चांगले लाकूड महाग झाले होते. सिमेंट व सळई विकत घ्यावी लागे. दगड-माती फुकट होती. गरीब कुटुंबाने केलेली निवड मूर्खपणाची नव्हती, तिच्यात पर्यायच थोडे होते.

१४/
१९६७ च्या भूकंपाने नकाशा बदलला. १९७० च्या सुधारित संहितेत देशाचे पाच विभाग झाले. ‘शून्य’ हा विभाग रद्द झाला, कारण पूर्ण निर्धोक अशी जमीन गृहीत धरणे शहाणपणाचे नाही हे कोयनेने शिकवले होते. कोयना परिसर थेट चौथ्या विभागात गेला. पण हा धडा जेथे हादरा बसला तेथपुरताच नकाशावर उमटला. तेथून सुमारे ३०० किलोमीटर पूर्वेला, तशाच दगडमातीच्या भिंती आणि त्याहून जड माळवदे असलेला मराठवाड्याचा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या विभागातच राहिला. घरांची रचना सारखी, खडक तोच बेसाल्ट, फक्त नकाशावरचा रंग वेगळा.

१५/
३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झाले होते. थकलेली माणसे घरांत गाढ झोपली होती. पहाटे ४ वाजण्याच्या सुमारास किल्लारी परिसरात ६.२ तीव्रतेचा भूकंप झाला. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत सुमारे आठ हजार माणसे मेली. कोयनेच्या जवळपास तीव्रतेचा धक्का, पण चाळीसपटीहून अधिक मृत्यू. दाट वस्ती हे एक कारण होते. घरे हे दुसरे. गणित साधे आहे. दहा फूट रुंद व पंधरा फूट लांब खोलीवर दीड फूट मातीचे माळवद असेल, तर त्या मातीचे वजन सुमारे दहा टन होते. तेवढ्याच खोलीवरचे पत्रे शंभर किलोंच्या आसपास भरतात. झोपलेल्या कुटुंबाच्या डोक्यावर दहा टन, आणि त्यांना आधार मातीत रचलेल्या दगडांचा.

१६/
किल्लारीतही जुन्या परंपरेतला एक शहाणपणा ठळक झाला. खणाच्या घरात छताचा भार भिंतीवर नसून लाकडी खांबांच्या चौकटीवर असतो. अनेक ठिकाणी दगडी भिंती ढासळल्या, पण खांब-तुळयांची चौकट उभी राहिली आणि तिच्याखालची माणसे वाचली. पुनर्वसनात ५२ गावे संपूर्ण नव्या जागी हलवण्यात आली. त्याहून कमी चर्चा झालेले, पण दूरगामी काम म्हणजे जुन्या घरांच्या बळकटीकरणाचे: भिंतीत आरपार दुवे घालणे, पट्टे फिरवणे, छतावरची माती कमी करणे. अनेक गावांत महिला मंडळांनी या कामाची देखरेख केली. घर पाडून नवे बांधण्याची ऐपत नसलेल्या कुटुंबासाठी ही खरी निवड होती. हा धडा कोयनेनंतर २६ वर्षे आधीच गावोगाव पोहोचवता आला असता. तसे झाले नाही, कारण नकाशा तेथे धोका दाखवत नव्हता.

१७/
याच दोन जिल्ह्यांतले दुसरे संकट अगदी उलट स्वभावाचे आहे. कोयना कराडच्या प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळते आणि ते पाणी सांगलीकडे जाते. सांगलीत पुराचे माप आयर्विन पुलाशी घेतले जाते. हा पूल १९२९ मध्ये खुला झाला आणि त्याला तत्कालीन व्हाइसरॉयचे नाव मिळाले. तेथे धोक्याची पातळी ४५ फुटांची आहे. २००५ मध्ये पाणी ५३ फुटांच्या वर गेले, तर ऑगस्ट २०१९ मध्ये ५७ फूट ओलांडले. येथे पहिल्या प्रश्नाचे उत्तर शून्य नाही. धरणातून सोडलेले पाणी शहरात पोहोचायला कित्येक तास लागतात, पातळी इंचाइंचाने चढताना दिसते. मारा खालून वर येतो. म्हणून पुराचा निवारा उंचावर लागतो: माडी, टेकावरची शाळा, नातेवाइकाचे दूरचे घर.

१८/
जमिनीखालच्या निवाऱ्याचे काय होते, हे सांगलीजवळच्या हरिपूरने दाखवले. कृष्णा-वारणेच्या संगमावरचे हे गाव हळदीच्या पेवांसाठी प्रसिद्ध. पेव म्हणजे जमिनीत खोल खोदलेला, तोंडाशी अरुंद आणि पोटात रुंद असा खड्डा. तेथील मातीच्या गुणामुळे त्यात हळद वर्षानुवर्षे कीड न लागता टिकत असे. ऊन, कीड, चोर, आग या सर्वांपासून वाचवणारे ते कोठार होते. अमेरिकन शेतकरी आपल्या मुलाबाळांसाठी जो आकार अंगणात खोदतो, साधारण तोच आकार येथे हळदीसाठी खोदला जात होता. २००५ च्या महापुराचे पाणी त्यात शिरले आणि बहुसंख्य पेवे निकामी झाली. एका संकटाविरुद्धचा उत्तम निवारा दुसऱ्या संकटात सापळा होतो, याचे इतके नेमके उदाहरण शोधूनही मिळणार नाही.

१९/
२०१९ मध्ये आणखी एक गोष्ट घडली. नदीकाठच्या अनेक घरांच्या भिंतींवर २००५ च्या पाण्याची रेघ होती. कुटुंबांनी तीच कमाल मर्यादा मानली. सामान रेघेच्या वर ठेवले आणि माणसे माडीवर थांबली. पाणी रेघ ओलांडून गेले. तोवर रस्ते बुडाले होते आणि बाहेर पडण्यासाठी नावेखेरीज साधन नव्हते. ८ ऑगस्ट २०१९ रोजी पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे माणसांना सुरक्षित स्थळी नेणारी नाव उलटली आणि डझनाहून अधिक जणांना जलसमाधी मिळाली. भूकंपात इशारा नव्हता म्हणून माणसे गेली. येथे इशारा होता, वेळही होता, पण तो वेळ मागच्या पुराच्या आठवणीत खर्च झाला. रेघ हा इतिहास होता. तिला भविष्याची हमी मानले गेले.

२०/
तिसरे संकट डोंगराचे. २२-२३ जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत पाटण तालुक्यातील आंबेघर, मिरगाव, ढोकावळे येथे दरडी कोसळल्या आणि कुटुंबेच्या कुटुंबे ढिगाऱ्याखाली गेली. वाचलेल्यांना शाळांमध्ये आसरा घ्यावा लागला. दरडीपुढे भिंत जाड की पातळ, छप्पर जड की हलके, याला अर्थ नाही. तेथे घराची नव्हे, जागेची निवड निर्णायक असते. आणि डोंगरउतारावरच्या लहान शेतकऱ्याला जागेची निवड क्वचितच मिळते. त्याची जमीन जेथे, तेथेच त्याचे घर. त्यामुळे या प्रश्नाचे उत्तर एकटे कुटुंब देऊच शकत नाही. ते शासनाला, पुनर्वसनाच्या धोरणाला द्यावे लागते.

२१/
भूकंपाचे संकटही संपलेले नाही. सांगलीच्या शिराळा तालुक्यातील चांदोली येथील वारणा जलाशय १९८५ पासून भरू लागला आणि पुढे भूकंपप्रवण पट्टा दक्षिणेला त्याच्या परिसरापर्यंत विस्तारला. १९६७ पासून या भागात पाच वा अधिक तीव्रतेचे वीसहून अधिक धक्के बसले आहेत. कराड येथे भूगर्भीय छिद्रण संशोधनाची प्रयोगशाळा आहे आणि गोठणे येथे २०१७ मध्ये तीन किलोमीटर खोल छिद्र पूर्ण झाले. शास्त्र जमिनीच्या पोटात उतरले आहे. वर मात्र नवी फॅशन रुजली आहे: जुन्या दगडी भिंतींवर थेट काँक्रीटचा स्लॅब. स्लॅब दिसायला पक्का, पण खालच्या भिंतींना पट्टा नसेल, कोपरे बांधलेले नसतील, तर तो माळवदाचाच नवा अवतार ठरतो. वजन वर, आधार तसाच.

२२/
दोनशे वर्षांचा हा प्रवास एका शब्दाशी येऊन थांबतो: पक्के. जनगणनेत घरे कायमस्वरूपी आणि तात्पुरती अशी मोजली जातात. दगड, वीट, काँक्रीट दिसले की घर कायमस्वरूपी. या वर्गवारीला साहित्य दिसते, सांधे दिसत नाहीत. पण कोयना आणि किल्लारी या दोन्ही ठिकाणी जीव वाचला किंवा गेला तो सांध्यांवर: भिंत भिंतीला जोडली होती का, छप्पर चौकटीला जखडले होते का, खांब भार घेत होते का. ज्या कोपऱ्यावर घरमालक बांधकामाच्या वेळी सर्वांत कमी पैसे आणि लक्ष देतो, तोच कोपरा पुढे कुटुंबाचा खरा निवारा ठरतो.

२३/
म्हणून आज पाटणमध्ये, शिराळ्यात किंवा सांगलीच्या गावभागात घर बांधणाऱ्या वा दुरुस्त करणाऱ्या कुटुंबाने ‘किती पक्के?’ याऐवजी ‘कशाविरुद्ध पक्के?’ असे विचारावे. भूकंपाविरुद्ध, तर गवंड्याकडून पट्टा आणि कोपऱ्यातील सळई डोळ्यांदेखत घालून घ्यावी; छतावर माती असेल तर ती हलकी करावी. पुराविरुद्ध, तर भिंतीवरच्या जुन्या रेघेवर विसंबू नये, आणि घरातील सर्वांत सावकाश चालणारे माणूस सर्वांत आधी बाहेर काढावे. दरडीविरुद्ध, तर घराआधी जागेची तपासणी मागावी. पेंढाऱ्यांसाठी उभारलेल्या भिंती भूकंपात कोसळल्या, चोरापासून राखलेली हळद पुरात गेली, आणि २००५ ची रेघ २०१९ मध्ये बुडाली. पुढचे संकटही मागच्यासारखेच असेल, या समजुतीची किंमत या दोन जिल्ह्यांनी वारंवार मोजली आहे.

(समाप्त)